आकडा उतरला म्हणून

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, रिपोर्ट पाहिला. सहा महिन्यांत अँटिबॉडीचा (जंतूला चिकटून अडवणाऱ्या प्रथिनांचा) आकडा निम्म्याहून खाली आला, म्हणून 'लशीचा डोस फुकट गेला' असं लिहिलंत. फुकट कसा जाईल? आईचा डोस गेल्या आठवड्यातला, तिची काख बघा. ती सुजलेली गाठ म्हणजे सध्या जोरात काम चालू असलेली लसिकाग्रंथी.

दंडात टोचलेली लस त्या ग्रंथीत उतरते. तिथे अस्थिमज्जेतून आलेल्या बी पेशींची, म्हणजे पुढे अँटिबॉडी घडवू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींची, ये-जा असते. प्रत्येकीच्या अंगावरचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे कण पकडणारा खाचा) वेगळ्या घडणीचा. लाखोंतल्या एखादीला लशीतला कण बरोब्बर बसतो आणि टी पेशीने (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीने) होकार दिला की ती दुणावत सुटते. तिच्या काही लेकी लगेच अँटिबॉडी सोडू लागतात, पण त्या थोड्या दिवसांच्या सोबती. बाकीच्या तिथेच जर्मिनल सेंटर, म्हणजे स्वतःला पारखून घेण्याचा अड्डा, थाटतात. ग्राहकाच्या जनुकात बारीक बारीक बदल करून बघायचे, पकड घट्ट झाली तर पुढे, नाहीतर मरण. बहुतेकजणी मरतातच. (बाबा, तुमच्या वर्गाचे निकाल त्यामानाने दयाळू.)

उरतात त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होतात. ब्लिम्प-१ नावाचं प्रथिन त्यांचं बी पेशीपण बंद करून टाकतं, मग माघारी फिरणं नाही. सूक्ष्मदर्शकातून ही पेशी मी लांबूनही ओळखते. केंद्रक एका कडेला ढकललेलं, त्यात घड्याळाच्या आकड्यांसारखे गडद ठिपके, आणि उरलेली सगळी जागा अँटिबॉडी घडवायला. सेकंदाला हजारो! यांतल्या काही अस्थिमज्जेत घर करून वर्षानुवर्षं टिकतात.

दुसऱ्या काही स्मृतिपेशी होतात. त्या अँटिबॉडी सोडत नाहीत, गप्प राहतात. तोच जंतू पुन्हा आला की मात्र पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर कामाला लागतात. तुमच्या चाचणीत त्या दिसायच्याच नाहीत, कारण ती मोजते रक्तातल्या अँटिबॉडी. या अँटिबॉडींतल्या बहुतेकींचं अर्धायुष्य साधारण २१ दिवस, म्हणजे तेवढ्यात निम्म्याच उरतात. सुरुवातीची फौज संपली की आकडा उतरणारच.

वयाबरोबर हे सगळं मंदावतं, हेही खरं. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर घ्या. स्वतःच्या मनाने पुन्हा ती चाचणी मात्र नको.

आई, गाठ दर तासाला चाचपू नकोस. दोन-तीन आठवड्यांत बसली नाही तर डॉक्टरांना दाखव आणि मला लिहून कळव. फोनवर तू सगळं 'बरंच आहे' म्हणतेस.

तुमची,
धाकटी