नखं कापून ये

प्रिय निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागला होतास. दोन महिने झाले, अजून हाडं आणि स्नायूच पाठ करतोय, मालिश कधी शिकवणार, असं म्हणालास. माझा पुढचा क्लायंट दारात उभा होता, म्हणून बोलणं अर्धं राहिलं. तेव्हापासून ते मनात घोळतंय. सव्वीस वर्षं मी हेच काम केलं आणि आता तू त्याच वाटेने निघालास. म्हणून फोन न करता लिहायला बसले.

दोनशे सहा हाडं आणि सहाशेहून जास्त स्नायू म्हटल्यावर कुणालाही धडकी भरेल. पण एखादा माणूस येईल आणि म्हणेल, मान डावीकडे वळतच नाही. तो बोट ठेवेल फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यावर. तिथे लिव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू येऊन चिकटतो आणि त्याचं दुसरं टोक मानेच्या वरच्या चार मणक्यांना असतं. त्याच्यावर ट्रॅपिझियस हा मोठा स्नायू पसरलेला. हे ठाऊक नसेल तर तू दुखतं तेवढीच जागा रगडत बसशील. ठाऊक असेल तर वरचा थर आधी सैल करशील, मग खालच्यापर्यंत जाशील, आणि मानेपर्यंत त्याचा माग काढशील. पाठांतर कंटाळवाणं आहे, मान्य. पण पाठ केलेलं नाव बोटाखाली पहिल्यांदा सापडतं ना, तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

बोटं तयार करायला रोज एक गोष्ट कर. डोक्याचा एक केस काढ, पुस्तकाच्या पानाखाली ठेव, डोळे मीट आणि तो बोटांनी शोध. सापडला की वर आणखी एक पान घाल. मग आणखी एक. जोर लावलास की केस हरवतो आणि हात हलका केलास की सापडतो, हे तुझं तुलाच कळेल. सतराव्या शतकात जपानमध्ये सुगियामा वाइची नावाचे अंध वैद्य होऊन गेले. त्यांनी अंधांना अ‍ॅक्युपंक्चर आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा काढल्या, आणि पुढे तिथे कितीतरी पिढ्या अंध माणसांनी या विद्येवर मानाने पोट भरलं. मला त्यांची आठवण नेहमी येते, कारण अवघड जागी पोचले की मीही डोळे मिटते.

हातांचे प्रकार तू पटकन शिकशील, त्याची मला काळजी नाही. एफ्लूराज म्हणजे लांब फिरवलेला हात, पेट्रिसाज म्हणजे मळणं, मग फ्रिक्शन म्हणजे घासणं, थोपटणं, कंपन. ही फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय योहान मेत्झगर या डच डॉक्टरला देतात. ‘स्वीडिश मसाज’ मात्र पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश व्यायामशिक्षकाच्या नावावर सांगितला जातो. परीक्षेपुरतं लक्षात ठेव. हातापायांवरचा लांब हात हृदयाच्या दिशेने का न्यायचा, हे मात्र नीट समजून घे. शिरांमध्ये झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. दाब देऊन वर जायचं, खाली येताना हात नुसता टेकलेला ठेवायचा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

काम सुरू करून मला दुसरंच वर्ष होतं. एक वयस्कर गृहस्थ पाठ दुखते म्हणून आले. "जोरात दाबा, मला हलका हात चालत नाही," म्हणाले. मी दाबलं. कोपराने दाबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, सगळी पाठ काळीनिळी झाली होती. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होते. मी विचारलंच नव्हतं. विचारायचा कागद माझ्याकडे होता, पण घाई होती, म्हणून नाव लिहून घेतलं आणि बाकी रकाने रिकामे सोडले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने ती दिली. पण त्या पाठीचा रंग माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

त्यानंतर मी एकही रकाना रिकामा सोडला नाही. त्याचा फायदा पुढे एका मुलीला झाला. ती लांबच्या प्रवासाहून आली होती, पोटरीत गोळा आलाय म्हणाली. मी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्या. एकच सुजलेली, गरम, जराशी लालसर. मी हात मागे घेतला आणि तिला तशीच डॉक्टरांकडे पाठवलं. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. तिला हवी तशी मी ती पोटरी मळली असती, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. त्या दिवशी मी काही कमावलं नाही, पण एवढं चांगलं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

म्हणून निनाद, वर्गात ‘मालिश कधी करू नये’ हा धडा चालू असेल तेव्हा एक शब्दही निसटू देऊ नकोस. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजं फ्रॅक्चर. मानेची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, जिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातापायाला येणारी बधिरता, कारण नसताना घटलेलं वजन. असं काही ऐकलंस की तेल बाजूला ठेव आणि डॉक्टरांचं नाव काढ. क्लायंट नाराज होईल, होऊ दे.

आणि खोटं बोलू नकोस. मालिशने शरीरातली विषं बाहेर पडतात, असं तुला खूप जण सांगतील, काही शिक्षकही सांगतील. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. माणसाला बरं वाटतं, दुखणं कमी होतं, झोप लागते. एवढं खरं सांगायला असताना फुगवून सांगायची गरज काय?

तुझे मित्र काय म्हणतात हे तू मला सांगितलं नाहीस, पण मी ओळखलं. मलाही ऐकावं लागलं आहे. १८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांचा इतका बोभाटा झाला, की चार नर्सनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. ब्रिटनमधली आजची फिजिओथेरपिस्टांची संस्था तिथूनच वाढली. लोकांच्या तोंडाला त्यांनी वागण्याने उत्तर दिलं. तूही तसंच दे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी चादर नीट खोचलेली. नव्या जागी हात नेण्याआधी विचारायचं. दाब कसा वाटतो, दहापैकी किती दुखतंय, हे दर थोड्या वेळाने विचारायचं. कुणी तुझ्याशी अयोग्य वागलं, तर तिथेच काम थांबवून खोलीबाहेर यायचं. पैशांचा विचार करायचा नाही. तू मुलगा आहेस म्हणून हे तुला लागू नाही असं समजू नकोस.

शेवटी तुझ्या हातांबद्दल. माझा उजवा अंगठा तू पाहिला आहेस. बाटलीचं झाकण मी डाव्या हाताने उघडते. पहिली आठ वर्षं मी सगळा जोर अंगठ्यांवर काढला, सांधा उलटा वाकवून. कुणी टोकलं नाही आणि मलाही कळलं नाही. तू तसं करायचं नाहीस. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, आणि शरीराचं वजन पुढे झुकवून दाब द्यायचा. खोल जायचं तर पालथी मूठ, बाहूचा पुढचा भाग, कोपर. अंगठा फक्त शोधायला. हात मोकळा खाली सोडून टेबलाशेजारी उभा राहा. पृष्ठभाग साधारण बोटांच्या पेरांपाशी यायला हवा. दुसऱ्याच्या उंचीचं टेबल मिळालं तर आधी ते बदल. आळस करू नकोस.

सराव करायला माणसं मिळत नाहीत म्हणालास. सुटीत येशील तेव्हा माझा खांदा आहेच. गेले तीन आठवडे उजवीकडे काहीतरी अडकलंय. नेमकं कुठे ते मला कळलंय, पण मी सांगणार नाही, तू शोध. आधी तो कागद मात्र भरून घे, आई आहे म्हणून रकाने सोडू नकोस. रक्तदाबाची गोळी चालू झाली आहे, ती लिही.

येताना नखं कापून ये.

तुझी,
आई