वाचनाचा क्लास लावायच्या आधी

सोलापूर,
रविवार

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस म्हणून हे पत्र. "अप्पा, अभ्यासिकेतल्या सगळ्या पुढे गेल्या, माझंच एक प्रकरण दोन-दोन दिवस चालतं," म्हणालीस आणि मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात पाठवलीस. फी बघून तुझी आई म्हणाली, एवढ्यात दोन महिन्यांची मेस भागेल. मी गप्प बसलो. पण तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचूनच मी घर चालवलंय, तेव्हा वाचनाबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं धरून चाल.

आधी माझी फजिती ऐक. तू तेव्हा तिसरीत असशील. एक स्मरणिका आमच्या प्रेसमध्ये छपाईला आली होती. ९६ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे. रात्री जागून मी सगळे तपासले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जाहिरातींतले फोन नंबरसुद्धा. आत एक चूक सुटली नाही. आणि कव्हरवर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, छापून आलं 'स्मरिणका'. वेलांटी एक घर अलीकडे सरकलेली! ते प्रूफ मी तीनदा हातात घेतलं होतं. तिन्ही वेळा 'स्मरणिका'च वाचलं, कारण तिथं तेच असणार हे मला ठाऊक होतं. पाचशे कव्हरं रद्दीत गेली आणि पैसे माझ्या पगारातून कापले.

याच्या अगदी उलटही माझ्याच बाबतीत झालंय. एका पतसंस्थेचा अहवाल मी काना-मात्रेसकट तपासून दिला. मालकांनी सहज विचारलं, "काय हो, नफा वाढला का यंदा?" मला सांगता येईना. आकडा मीच दुरुस्त केला होता, बरं का. डोळा प्रत्येक अक्षरावरून गेला, पण मला काही विचारायचंच नव्हतं, म्हणून हाती काही लागलं नाही. तुझं मला वाटतं तेच होतंय. तू हळू वाचतेस हे खरं दुखणं नाही, प्रूफ वाचल्यासारखी वाचतेस हे आहे.

आता तुझा क्लास. रात्री मोबाईलवर शोधत बसलो. (आईनं दोनदा लाईट बंद केली.) वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, टुणकन उडी मारतो, थांबतो, परत उडी मारतो. पॅरिसमध्ये जावाल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८७९च्या सुमाराला हे मांडलं होतं. उडीत असताना काही वाचता येत नाही, जे काय दिसतं ते थांब्यावर. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा. म्हणजे सेकंदाला चार, मिनिटाला २४० थांबे. आणि एका थांब्यावर स्पष्ट ओळखू येतात ती सात-आठ अक्षरं, म्हणजे फार तर एखाद-दुसरा शब्द. ब्रिसबार्ट नावाच्या बेल्जियमच्या संशोधकानं २०१९ साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून इंग्रजी माहितीपर मजकुराचा सरासरी वेग काढला, तो आला मिनिटाला २३८ शब्द. बघ, हिशेब कसा जुळतो! हजार शब्द वाचायचे तर एका थांब्यात चार शब्द गिळावे लागतील. चाळणं म्हणून ते ठीक, त्याला वाचणं म्हणता येणार नाही. आपल्या मराठीत तर विभक्ती शब्दालाच चिकटते, 'सोलापूरकरांसाठीसुद्धा' हा एकच शब्द मोजायचा, त्यामुळे इंग्रजीचा आकडा घेऊन स्वतःला कमी लेखू नकोस.

जाहिरातीत लिहिलंय, मागे वळून वाचू नका, मनात उच्चारू नका. मागे वळायची सवय नुसत्या आळसानं लागली असेल तर मोडावी, कबूल. पण चांगले वाचणारेही दहा उड्यांमागे एखादी मागे मारतातच. २०१४ साली अमेरिकेत तपासून पाहिलं, मागे जायची वाटच बंद केली तर समज घटते. मनातल्या उच्चाराचंही तसंच. अवघड वाक्याला तो आवाज आधार देतो. मी अजून पुटपुटतो, प्रेसमधली पोरं हसतात, हसू देत.

मग वेग येतो कुठून? आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या लग्नपत्रिका तेलुगूत असतात, म्हणून मी ती लिपी शिकलो ते तुला माहीत आहे. अक्षरं बरोबर वाचतो, अर्थ मात्र चार आणे. पत्रिका वाचायला मला दहा मिनिटं लागतात आणि आमच्या बाइंडरला दहा सेकंद. त्याचा डोळा काही माझ्यापेक्षा जलद नाही. वधू-वर, मुहूर्त, कार्यालय हे कुठल्या क्रमानं येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं. ज्या ठाऊकपणानं मला कव्हरवर बुडवलं, तोच त्याला पळवतो.

तुझ्या राज्यघटनेच्या पुस्तकाचं तसंच आहे. 'अध्यादेश' आणि 'अधिनियम' यांत दर वेळी अडखळत असशील तर तो परिच्छेद चार वेळा वाचावा लागणारच. एकदा डोक्यात पक्कं कर: अधिनियम म्हणजे विधिमंडळानं किंवा संसदेनं केलेला कायदा, अध्यादेश म्हणजे सभागृह चालू नसताना काढलेला. राष्ट्रपतींचा कलम १२३, राज्यपालांचा २१३, आणि सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपला. एवढं माहीत असलेल्या मुलीला ते पान निम्म्या वेळात सरेल. म्हणून नव्या विषयाला आधी शब्द गोळा कर, लहान वही कर, पहिले आठ दिवस वेगाचं नावच काढू नकोस.

वाचायला बसताना पानाला एक प्रश्न विचारून बस. नफा वाढला का, तसला. उत्तर मिळेपर्यंतच्या ओळी भरभर गेल्या तरी चालतील, उत्तर आलं की थांब. प्रकरण झालं की पुस्तक मीट आणि न बघता चार ओळी लिही. हे जिवावर येतं, परत एकदा वाचून काढणं सोपं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते, आठवड्यानं मात्र न बघता आठवून लिहिलेल्यांना जास्त आठवलं. परीक्षा तुझी पाच मिनिटांनी नाही.

आणि पेपर, चालू घडामोडी मात्र खुशाल चाळ. तिथं बसून कीस पाडू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणालीस, ते मला जास्त काळजीचं वाटलं. नंबर तपासून दोन वर्षं झाली. क्लासचे म्हणून पैसे पाठवलेत, त्यातून आधी डोळे दाखव. उरलेल्याचं काय करायचं ते तू ठरव, क्लास लावलास तरी मी रागावणार नाही. पण दर रविवारी एका प्रकरणाच्या त्या चार ओळी मला मोबाईलवर पाठव. ऱ्हस्व-दीर्घ तपासीनच, सवय जात नाही, पण खाली एक प्रश्नही विचारीन.

शेजारचे मालू काका सोमवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिलीय. मागचा स्टीलचा डबा त्यांच्याच हाती परत दे, आई रोज विचारते.

तुझे
अप्पा