तपासणीचा कागद गेटवर लावा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,

स. न. वि. वि.

बांधकामांच्या धुळीसाठी पालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेली नियमावली पुन्हा एकदा वाचली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, चहूबाजूंनी हिरवे कापड किंवा ताडपत्री, तोडकाम चालू असताना पाण्याची फवारणी, गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके धुणे. नियम उत्तम आहेत. घोडे अडते ते तपासणीत.

वॉर्डाचे पथक म्हणजे दोन अभियंते, एक पोलीस, एक मार्शल. ते साइटवर जातात, चित्रीकरण करतात, नोटीस देतात. पुढे त्या नोटिशीचे काय झाले, काम पुन्हा सुरू झाले ते काय सुधारल्यावर, हे शेजारच्या रहिवाशाला कुठेच वाचायला मिळत नाही. शिवाय पथक दिवसा येते आणि डेब्रिजचे डंपर निघतात रात्री. न धुतलेल्या चाकांची माती गेटपासून पार नाक्यापर्यंत सांडत जाते. सकाळपर्यंत ती वाळते आणि पहिल्या बसबरोबर उडते. दुपारी आलेल्या पथकाला त्यातले काय दिसणार?

प्रत्येक साइटवर हवेचे प्रदूषण मोजणारा सेन्सर असावा आणि त्याची नोंद अधिकाऱ्यांनी मागताच दाखवावी, असे आपलीच नियमावली सांगते. ती फक्त अधिकाऱ्यांनाच का? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली का, हे गेटवरच्या फलकावर रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसले पाहिजे. त्याच फलकावर शेवटच्या तपासणीची तारीख व वेळ, आढळलेल्या त्रुटी आणि नोटिशीची सद्यस्थिती लावा. रात्रीच्या फेऱ्याही त्यात येऊ द्या.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामे सरसकट थांबवावी लागली. नियम पाळणाऱ्याचे कामही त्यात थांबले, हे मला अन्यायाचे वाटते. दोषी कोण हे वेळच्या वेळी कागदावर आले असते, तर त्याच्यापुरती कारवाई करता आली असती.

आणि कामगारांचा विचार आधी करा. आम्ही निदान खिडक्या लावून घेतो. त्यांचे रांधणे, जेवणे, मुलांना निजवणे त्या पत्र्यांच्या आतच चालते. फलक त्यांना वाचता येईल अशा भाषेतही असावा.

पाऊस असेतो धूळ बसलेली असते. तो सरण्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती.

कळावे,
एक मुंबईकर रहिवासी