बाबांच्या तापाचे नियम वेगळे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोसायटीत डेंगीचे पेशंट निघालेत, तर बाबांना ताप आल्यास शेजारी सांगतात तसं करू का, असं आईने विचारलं. नको. शेजाऱ्यांची किडनी बदललेली नाही, बाबांची बदललेली आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून बाबा घेतात त्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनने प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यामुळे डेंगी झाला तरी ताप फणफणेलच असं नाही. अंग मोडून आलंय, जेवण जात नाही आणि थर्मामीटर ९९.५ दाखवतोय, एवढ्यावरही त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. १००.४ झाला तर मध्यरात्रीसुद्धा.

तपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट) हवंच. नुसत्या आयजीएमवर, म्हणजे अँटिबॉडीच्या टेस्टवर, विसंबू नका. बाबांच्या शरीरात अँटिबॉडी उशिरा किंवा कमी तयार होतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही डेंगी असू शकतो. शंका उरली तर थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर टेस्टबद्दल विचारा. मायकोफेनोलेटनेही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, तेव्हा जुने रिपोर्ट सोबत न्या. एरवी दीड लाख प्लेटलेट असणाऱ्याचे सव्वा लाख होणं वेगळं आणि पावणेतीन लाखांवरून सव्वा लाखावर येणं वेगळं. टॅक्रोलिमसची पातळी बघायची असेल तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. आधी घेतली की आकडा खोटा चढतो आणि डोस विनाकारण कमी होतो. जुलाब होत असतील तर मात्र पातळी खरोखरच वाढते, तेही डॉक्टरांना सांगा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांत किमान सहा तास. कॉम्बिफ्लाम डब्यातून काढूनच टाका. त्यातलं आयबुप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा घटवतं, शिवाय रक्तस्रावाचा धोका.

आई, शहाळ्यावर तुझा फार विश्वास, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि टॅक्रोलिमसने बाबांचं ते आधीच वर सरकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. गुळवेल तर अजिबात नको. प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत. आणि बाबांची प्रतिकारशक्ती तर आपण मुद्दाम दाबून ठेवलीय. पपईच्या पानांचा रसही नको.

रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मायकोफेनोलेट काही दिवस कमी करायचं की थांबवायचं, ते डॉक्टर ठरवतील. प्रेडनिसोलोन अचानक तोडलं तर बीपी कोसळू शकतं.

ताप उतरला की सगळे हुश्श करतात, पण डेंगीत खरा धोका तिथेच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून बघायचं: पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलटी, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, गुंगी. लघवी खुणा असलेल्या मगमध्ये मोजून वेळेसह वहीत लिहा. नेहमीपेक्षा स्पष्ट कमी झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी बाबांच्या दुपारच्या झोपेलाही लावा. पिंपातलं पाणी नुसतं ओतून उपयोग नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासणीने खरवडून काढायची. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रेही त्यातच आले. ट्रे ओढताना आई, तू वाकू नकोस, मावशींना सांग.

तुमची,
लेक