वाकळीचा कोपरा

युट्रेख्त, रविवार रात्र

ती. आई आणि आण्णा यांना साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागचं टेबल दिसलं आणि आण्णा म्हणाले, "एवढे पैसे घालून कॉम्प्युटर शिकलीस, आणि तिथं बसून चिंध्या शिवालीस व्हय?" मी हसून वेळ मारून नेली. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते. फोनवर हे सांगून होत नाही. मध्येच कुणीतरी दारात येतं, नाहीतर वडगावातला करंट जातो.

ऑफिसचं काम तुम्हाला माहीत आहे. कॅटलॉगमधल्या खुर्च्या आणि सोफे. बघणाऱ्याला फोटो वाटतो, पण खुर्ची मी स्क्रीनवर घडवलेली असते. पगार त्याचा मिळतो. त्याविषयी आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळचं काम माझं. दिवाळीपासून नंदगडच्या आजीची वाकळ करतेय, आधी कॉम्प्युटरमध्ये. ब्लेंडर नावाचा प्रोग्राम आहे, फुकट. तो बनवणारी कंपनी बुडाली तेव्हा जगभरच्या लोकांनी २००२ मध्ये एक लाख युरो जमवून तो सगळ्यांसाठी मोकळा करून घेतला. आपल्या गल्लीतल्या गणपतीची वर्गणी काढतात ना, तसंच, आणि सात आठवड्यांत! ते ऑफिस इथून तासाभरावर, ॲमस्टरडॅमला आहे. मी अजून बघितलेलं नाही.

आण्णा, तुम्हाला हे लवकर कळेल. कॉम्प्युटरमधल्या कापडाला ताणा-बाणा नसतो. नुसते ठिपके असतात आणि ठिपक्यांमध्ये स्प्रिंगा. एक आकडा ताणाचा, एक तिरक्या ओढीचा, एक मुडपण्याचा. आकडे बदलले की तेच कापड रेशीम होतं, तेच गोणपाट. सोफ्यावर टाकायला एवढं पुरतं. पण मी चार थर एकावर एक ठेवले, खाली इरकल लुगडं, मध्ये आजोबांची दोन धोतरं, वर तुकडे, तर थर एकमेकांतून आरपार गेले. धोतर लुगड्याच्या खालून बाहेर! रात्री एक वाजता मी एकटीच हसत होते. शेवटी थर सोडून दिले, एकच जाड कापड घेतलं आणि जिथं टाका असायला हवा तिथं ते ओढून धरलं. दिसायला वाकळ झाली. हॉटेलातल्या रजईसारखी वाकळ.

काय चुकतंय ते कळेना, म्हणून खरी शिवायला बसले. आण्णांना दिसल्या त्या चिंध्या ह्याच. इथं दर शनिवारी ब्रेडस्ट्राट नावाच्या रस्त्यावर कापडाचा बाजार भरतो. त्याला म्हणतातच 'लापयेसमार्क्ट', म्हणजे तुकड्यांचा बाजार, आणि तो चारशे वर्षांहून जुना आहे. खडेबाजारात घासाघीस करायची सवय इथं चालत नाही, एवढाच काय तो फरक. पण तिथलं कापड नवं कोरं, खळीचं. सुई शिरताना टचकन आवाज होतो. मग माझाच जुना कुर्ता फाडला.

हातभर चौकोन घेतला, काठापासून धावदोरा घालत आत आत गेले. शिवून झाल्यावर मोजला तर दोन बोटं आखडला होता! प्रत्येक टाका कापड जरासं ओढून घेतो, आणि ते आखडणं म्हणजेच वाकळीच्या त्या बारीक लाटा. मी स्क्रीनवर लाटा वरून कोरत बसले होते. परत कॉम्प्युटरवर गेले, टाक्याच्या ओळीतल्या स्प्रिंगा थोड्या आखूड केल्या, आणि लाटा आपोआप उठल्या. तीन महिन्यांचं अडलेलं काम त्या कुर्त्याने सोडवलं. आण्णा, तुम्ही मागाचा आवाज बदलला की न बघता "ताणा तुटला" म्हणायचा. ते कुठल्या आकड्यात बसवणार?

आता तिसरा उद्योग. चाळीस सेकंदांची फिल्म. मे महिना, नंदगडचं अंगण, वळवाची सर येते आणि आजी दोरीवरची वाकळ काढायला धावते. बस्स, गोष्ट एवढीच. आजी कापडाची, आत ॲल्युमिनियमची तार. तिला जरा हलवायचं, फोटो काढायचा, परत हलवायचं. सेकंदाला बारा वेळा, म्हणजे ४८० फोटो. वेडेपणा वाटेल, पण आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना असंच थोडं थोडं टिपून पडद्यावर दाखवलं होतं, पहिल्या सिनेमाच्याही आधी.

वाऱ्याने वाकळ उडायला हवी, आणि टेबलावर वारा कुठला? म्हणून काठात बारीक तार शिवली. गेल्या आठवड्यात माझं कोपर टेबलाला लागलं आणि तीन संध्याकाळी वाया गेल्या. त्या रात्री जेवले नाही, हे आईने वाचून विसरून जावं. आणखी एक गंमत. प्रत्येक वेळी बोट लागतं, त्यामुळे फोटोगणिक कापडाची सुरकुती सरकते, आणि फिल्म चालवली की वाकळ सारखी थरथरत असते. ह्या धंद्यातले लोक म्हणतात कापड 'उकळतंय', आणि तो दोष धरतात. मी तसंच ठेवणार आहे. ती थरथर माझ्या बोटांची आहे, आणि आजीच्या हातालाही शेवटी कंप होताच.

अडलंय फक्त कोपऱ्यावर. दोरा काठाने येतो आणि वळायला लागला की कापड तिथं गोळा होतं. माझ्या हातातही होतं, कॉम्प्युटरमध्येही होतं. आजीचे चारही कोपरे पाटासारखे सपाट असायचे. ती आधी कोपरा शिवायची की शेवटी? दोरा तोडायची, की तिथं टाका लांब घ्यायची? मी शेजारी बसून चिंचोके खेळायचे, बघितलं नाही कधी.

आई, तुला विचारलं तर तू म्हणालीस, "मला काय ठाऊक, मी कांड्या भरत होते." मग कोल्हापूरच्या मावशीला हे पत्र वाचून दाखव. आजीबरोबर वाकळेला तीच बसायची. तिला म्हणावं, बोलू नको, नुसता एक कोपरा शिवून दाखव, आणि दादाला मोबाइल तिच्या हातांवर धरायला सांग. चेहरा नको. नाहीतर ती पदर सारखा करत बसेल.

तुझी,
धाकटी

ता. क. ट्रंकेत तळाशी आजीचं करडं लुगडं आहे, वाळवी लागलेलं. त्याचा वीतभर तुकडा कुरियरने पाठव. काठाकडचा नको, बसून बसून विरलेला असतो तिथला. आणि धुऊ नकोस.