बाबांच्या ऑपरेशनआधी

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे काल कळलं. आई, तू म्हणालीस, "शेजारच्या काकांना दहा दिवस भारी इंजेक्शनं दिली होती, यांनाही द्यायला सांगू का?" फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नको सांगूस. अशा ऑपरेशनला अँटिबायोटिकचा बहुधा एकच डोस पुरतो, चिरा देण्याआधीच्या तासाभरात. जंतू शिरायची वेळ तीच, तेव्हा औषध रक्तात हवं. पुढे आठवडाभर गोळ्या घेतल्याने जखम लवकर भरत नाही. पोटातले साधे जंतू तेवढे मरतात आणि औषधाला न जुमानणारे मोकळ्या रानात वाढतात.

आमच्या लॅबमध्ये प्लेटवर जंतू पसरून त्यावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. गेल्या आठवड्यात आयसीयूतल्या एका आजींची प्लेट उघडली, क्लेब्सिएला नावाचा जंतू होता. एकाही चकतीभोवती गोल नाही, मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकच्याही नाही. आता शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं कोलिस्टिन, आणि ते किडनीला सोसेल की नाही याची धास्ती. रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा आला, "कुठलं तरी लागू पडत असेल ना?" म्हणाला. बाबा, मला त्याच्याकडे बघवेना.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० रुग्णालयांत पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी जवळजवळ ७२ टक्के लोकांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते संसर्ग झाला म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून दिलेलं. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. जखम चिघळली की नातेवाईक आधी त्यांनाच धरतात, मग तेही जास्तीचं लिहून मोकळे होतात.

म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "हे कशासाठी, किती दिवस?" राग येणार नाही त्यांना. बाबा, तुमची साखर ताब्यात ठेवा, त्याचा उपयोग गोळ्यांपेक्षा जास्त आहे. आणि आदल्या रात्री घरी रेझरने केस काढू नका, बारीक जखमांतूनच जंतू शिरतात. नंतर ताप आला, पू दिसला, तर मात्र लगेच दाखवा. औषध बदलण्याआधी पू कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून बघायला, पाठवा म्हणावं.

आई, फ्रीजवरच्या डब्यातल्या उरलेल्या अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुणालाही देऊ नकोस. मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने येतेय.

तुमची,
माई