छावणीच्या संघाचा हंगाम

महोदय,
युद्धकाळातील खेळ म्हटले की रद्द झालेली ऑलिंपिक तेवढी आठवतात. १९४३ चा अमेरिकी फुटबॉलचा हंगाम मात्र लष्करी तळांच्या संघांनी गाजवला. (हा त्यांचा फुटबॉल, लंबगोल चेंडूचा, आपला नव्हे.) आयोवातील नौदल वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्राचा 'सीहॉक्स' संघ हंगामात एकदाच हरला, तोही नोत्र दाम विद्यापीठाकडून १४-१३ असा. एका गुणाची ही हळहळ! आठवड्याभरातच शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल तळाने शेवटच्या मिनिटातल्या लांब पासवर त्याच नोत्र दामला १९-१४ असे लोळवले. तरी हंगामाअखेरच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिले नोत्र दाम, दुसरे सीहॉक्स! मला हे आजही पटत नाही.

या संघांत नामवंत खेळाडू असत, पण नेमणुकीचा हुकूम आला की जर्सी उतरवून निघावे लागे. सीहॉक्सचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांच्या हाताखाली तेव्हा जिम टेटम आणि बड विल्किन्सन सहायक प्रशिक्षक होते. फॉरो यांची 'स्प्लिट टी' रचना (चढाईसाठी खेळाडू उभे करण्याची पद्धत) या दोघांनी युद्धानंतर विद्यापीठांत नेली. आपल्या क्रीडा पानावर सेनादलांच्या संघांनाही अधूनमधून जागा मिळावी.

– एक वाचक, पुणे